मिटलेला लॅपटॉप चालू ठेवणे : उद्यमनगरातल्या प्रोग्रॅम सर्व्हरच्या नोंदी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या मशीन शॉपमध्ये दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) आणि एक सीएनसी लेथ आहे. तिन्ही मशीनचे प्रोग्रॅम (कटिंगच्या सूचनांच्या फाइली) पेन ड्राइव्हवरून फिरत होते. सुधारलेला प्रोग्रॅम कुठल्या पेन ड्राइव्हवर आहे हे कळेनासं झालं की जुनाच लोड व्हायचा आणि कास्टिंग वाया जायचं. म्हणून सगळे प्रोग्रॅम एका जागी ठेवणारा छोटा सर्व्हर करायचा ठरला. नवा पीसी आणि यूपीएस घेण्यापेक्षा ऑफिसातला जुना लॅपटॉप बरा. त्याला स्वतःची बॅटरी आहे, वीज फार लागत नाही आणि मिटला की बिडाचा बुरा कीबोर्डात जात नाही. अट एकच : मिटलेल्या अवस्थेत, कुणी हात न लावता, महिनोन्‌महिने चालला पाहिजे.

सेटिंगची नावं आणि आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मशीनवर त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

१ एप्रिल २०२४, सोमवार (सुट्टी)

लॅपटॉप : थिंकपॅड, १४ इंची, इंटेल कोअर आय-५ ८२५०यू, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. लॅन पोर्ट अंगचाच आहे, त्यामुळे वेगळा ॲडाप्टर लागला नाही.

डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं. इन्स्टॉलरमध्ये डेस्कटॉपची खूण काढली. एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या पीसीवरून आज्ञा देण्यासाठी) आणि स्टँडर्ड युटिलिटीज एवढ्याच ठेवल्या. डेस्कटॉप नसला की झाकणाचा निर्णय घेणारा एकच उरतो, तो म्हणजे सिस्टमडीचा लॉगइनडी (सिस्टमडी म्हणजे लिनक्समधल्या सेवा चालवणारी यंत्रणा, लॉगइनडी हा तिचा लॉगिन आणि झाकण सांभाळणारा भाग). ग्नोम किंवा केडीई असेल तर त्यांचा पॉवर मॅनेजर मध्ये पडतो आणि सेटिंग दोन ठिकाणी शोधावं लागतं. सर्व्हरसाठी ही डोकेदुखी नको.

प्लगला लावलेल्या वॅटमीटरवर, काही काम नसताना : स्क्रीन चालू १०.५ वॅट. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

सांबा शेअर (नेटवर्कवरून सगळ्यांना उघडता येणारा फोल्डर) बसवला, राउटरमध्ये पत्ता कायमचा बांधून दिला. ते सरळ काम आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

झाकणाची पहिली चाचणी. ऑफिसातल्या पीसीवरून लॅपटॉपला दर सेकंदाला पिंग (‘जागा आहेस का’ असा नेटवर्कवरचा छोटा संदेश) लावून ठेवला, झाकण मिटलं, दहा मिनिटं थांबलो. एकही पिंग चुकला नाही. एकाही सेटिंगला हात न लावता हे झालं म्हणून शंका आली, आणि ती खरी निघाली. इन्स्टॉल करताना लावलेला एचडीएमआय मॉनिटर तसाच होता. मॉनिटर काढला, पुन्हा मिटलं. पिंग बंद.

कारण असं. लॉगइनडीत झाकणासाठी तीन सेटिंगं आहेत. ‘हँडललिडस्विच’ हे मुख्य, मूळ किंमत ‘सस्पेंड’, म्हणजे झोप. ‘हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर’ हे चार्जर लावलेला असतानाचं. ते लिहिलं नसेल तर मुख्य सेटिंगचीच किंमत धरली जाते. ‘हँडललिडस्विचडॉक्ड’ हे डॉकवर असताना, आणि त्याची मूळ किंमत ‘इग्नोर’. एकापेक्षा जास्त डिस्प्ले जोडलेले असले तरी लॉगइनडी लॅपटॉप डॉकवर आहे असंच समजतो. आपली पहिली चाचणी या तिसऱ्या नियमामुळे पास झाली होती. ज्यांना मॉनिटर लावून चाचणी घ्यायची सवय आहे, त्यांनी शेवटची चाचणी मॉनिटर काढूनच घ्यावी.

मिटलेल्या स्थितीत मशीन सुरू केलं तर पहिली तीस सेकंद सगळं ठीक दिसतं आणि मग ते झोपतं. सुरू झाल्यावर तीस सेकंद झाकणाकडे बघायचं नाही असा लॉगइनडीचा नियम आहे, तोवर डॉक आणि मॉनिटर ओळखले जावेत म्हणून. अर्ध्या मिनिटात ‘चालतंय’ म्हणून उठू नये, पाच मिनिटं तरी थांबावं.

सेटिंग मूळ फाइलीत केलं नाही. पुढे अपडेटच्या वेळी ‘तुमची फाइल ठेवू की नवी’ असा प्रश्न येतो आणि घाईत नवी घेतली जाते. त्याऐवजी /ईटीसी/सिस्टमडी/ खाली ‘लॉगइनडी.कॉन्फ.डी’ नावाचा फोल्डर करून त्यात ‘झाकण.कॉन्फ’ या अर्थाची छोटी फाइल ठेवली. पहिल्या ओळीत चौकोनी कंसात ‘लॉगिन’, एल मोठा. दुसऱ्या ओळीत ‘हँडललिडस्विचएक्स्टर्नलपॉवर=इग्नोर’. शब्द सगळे जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं. चौकोनी कंसाची ओळ विसरली तर खालचं सेटिंग मोजलंच जात नाही. जर्नलमध्ये (सिस्टमच्या नोंदवहीत) फक्त एक इशारा येतो. फाइलच्या नावाला शेवटी ‘.कॉन्फ’ नसेल तर ती वाचलीच जात नाही, तेव्हा इशाराही येत नाही.

मग ‘सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-लॉगइनडी’. डेस्कटॉप नसल्यामुळे हे बिनधास्त करता आलं. डेस्कटॉप असलेल्या मशीनवर यामुळे उघडं सेशन कोसळू शकतं, तिथे सरळ रीबूट करावं. शेवटी ‘सिस्टमडी-ॲनालाइझ कॅट-कॉन्फिग सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ’ चालवून आपली ओळ एकत्रित यादीत दिसते का ते पाहिलं.

मॉनिटरशिवाय, चार्जरवर, मिटून : चाळीस मिनिटं पिंग अखंड.

४ एप्रिल, गुरुवार

दुपारी लाईट गेली, वीस मिनिटांनी आली. मशीन पुन्हा चालू झाली, पण प्रोग्रॅमचं शेअर कुठूनच उघडेना. लॅपटॉपचा पॉवरचा दिवा मंद लुकलुकत होता. म्हणजे झोपलेला.

चूक २ तारखेची. फक्त चार्जरवरचं सेटिंग बदललं होतं. लाईट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर आला, मुख्य ‘हँडललिडस्विच’ लागू झालं, आणि ते अजून ‘सस्पेंड’च होतं. आपल्याला वाटतं की झाकण मिटण्याच्या क्षणी एकदाच निर्णय होतो. तसं नाही. झाकण मिटलेलं आहे तोवर लॉगइनडी परिस्थिती पुन्हा पुन्हा तपासत राहतो. चार्जर निघाला किंवा मॉनिटर काढला की निर्णय बदलतो. आणि लाईट परत आली तरी झोपलेला लॅपटॉप आपणहून उठत नाही.

फाइलीत तिन्ही ओळी लिहिल्या, तिन्ही ‘इग्नोर’. चार्जर पाच वेळा काढून-घालून पाहिला, दर वेळी दोन मिनिटं थांबून. पिंग अखंड.

इथे एक धोका लिहून ठेवतो. तिन्ही सेटिंगं ‘इग्नोर’ असलेला लॅपटॉप बॅगेत घालू नये. मिटला तरी तो चालूच असतो, बॅगेत हवा नसते, बॅटरी आणि प्रोसेसर दोन्ही तापतात. जो लॅपटॉप रोज घरी जातो त्याला फक्त चार्जरवरचं सेटिंग ‘इग्नोर’ ठेवावं.

५ एप्रिल, शुक्रवार

झाकण ‘इग्नोर’ केलं म्हणजे झाकणाला काहीच होत नाही. स्क्रीनही बंद होत नाही. मिटलेल्या लॅपटॉपच्या फटीत अंधारात मोबाइलचा कॅमेरा धरला तर उजेड दिसला, आणि वॅटमीटर १०.५ वरच होता. बॅकलाइटची उष्णता कीबोर्ड आणि पॅनेल यांच्यामध्ये कोंडत होती. पॅनेलसाठी हे वाईट, आणि वीजही फुकट.

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत कर्नलच्या ओळीत ‘कन्सोलब्लँक=६०’ घातलं, ‘अपडेट-ग्रब’ चालवलं, रीबूट केलं. साठ सेकंद कीबोर्डला हात लागला नाही की स्क्रीन बंद. वॅटमीटर ६.८ वर आला. खात्रीसाठी /सिस/मॉड्यूल/कर्नल/पॅरामीटर्स/ खालची ‘कन्सोलब्लँक’ फाइल वाचली : ६०.

सात वॅट धरले तर वर्षाला एकसष्ट युनिट होतात.

८ एप्रिल, सोमवार (सुट्टी)

आजचं काम डब्याचं. या शॉपमध्ये उघड्यावर ठेवलेला लॅपटॉप मिटलेला असला तरी वाचणार नाही. बिडाचं मशीनिंग सुकं होतं, काळा बारीक बुरा हवेत तरंगतो, आणि तो वीज वाहून नेतो. लॅपटॉपचा पंखा तोच बुरा आत ओढून मदरबोर्डवर पसरवतो. कूलंटचा तेलकट फवारा वर बसला की बुरा चिकटून राहतो. जाळी आणि फिल्टर लावून पंख्याने हवा खेळवायचा विचार सोडून दिला. फिल्टर आठवड्यात भरतो आणि भरल्यावर कुणी बघत नाही. पूर्ण बंद डबाच करायचा.

बंद डब्यात उष्णता कुठे जाणार, हा पहिला प्रश्न. त्याचं गणित मांडलं. डबा ४५० × ३५० × २०० मिमी, १.२ मिमीचा सीआरसीए (कोल्ड रोल्ड) पत्रा, पावडर कोटिंग. मागची बाजू भिंतीला टेकते, ती सोडली तर मोकळं क्षेत्रफळ साधारण ०.४८ चौरस मीटर. रंगवलेल्या पत्र्याचा चौरस मीटरमागे एका अंशाला साडेपाच वॅट उष्णता बाहेर टाकण्याचा आकडा पॅनेलवाले वापरतात, तोच घेतला. म्हणजे हा डबा एका अंशाला २.६ वॅट बाहेर टाकतो. लॅपटॉपचे सात वॅट म्हणजे आतली हवा बाहेरपेक्षा जेमतेम तीन अंश जास्त. तीस वॅटचं काम सतत चाललं तर साडेअकरा अंश. शेडमध्ये पत्र्याखाली एप्रिलात ३९-४० अंश असतातच. लिथियम आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण नियम आहे. तेव्हा सात वॅट चालतील, तीस वॅट सतत चालणार नाहीत. त्यातून दोन निर्णय निघाले.

एक, चार्जरची वीट डब्याबाहेर. ती स्वतः तापते, तिची उष्णता आत कशाला घ्यायची?

दोन, प्रोसेसरचा टर्बो (गरजेला वेग वाढवायची सोय) बंद. /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/सीपीयू/इंटेल_पीस्टेट/ खालच्या ‘नो_टर्बो’ फाइलीत १ लिहिला की हा प्रोसेसर त्याच्या मूळ १.६ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. फाइल वाटायच्या कामाला तेवढा वेग खूप झाला. हे रीबूटनंतर टिकत नाही, म्हणून पुढे टीएलपीमधून (लॅपटॉपची वीज सांभाळणारं सॉफ्टवेअर) कायम केलं.

डब्यात लॅपटॉप उभा ठेवला, गरम हवा जिथून निघते ती बाजू वर. खाली सागाच्या दोन पट्ट्यांत २५ मिमी रुंदीची खाच काढून आत नमद्याची पट्टी चिकटवली. आडवा ठेवला असता तर खालची हवा ओढायची छिद्रं पत्र्यापासून रबराच्या पायांएवढीच उंच राहिली असती. उभ्या स्थितीत तळाच्या बाजूला ६० मिमी मोकळी जागा आहे. क्लँप लावला नाही. झाकणावर दाब आला तर पॅनेलवर कीबोर्डच्या कळांचे डाग उमटतात.

पत्र्याच्या डब्यात वाय-फाय चालत नाही. त्यामुळे लॅन केबलच. केबल ग्लँडमधून (डब्यात केबल घट्ट धरून आत घेणारा नट) प्लगसकट केबल जात नाही, म्हणून आधी केबल ओवली आणि मग आत आरजे-४५ (लॅनचा प्लग) क्रिम्प केला. चार्जरच्या पिनेसाठी मात्र मोठा ग्लँड लावून उरलेली फट सिलिकॉनने भरली. ग्लँड सगळे खालच्या बाजूला, म्हणजे केबलवरून ओघळलेलं कूलंट आत येत नाही.

डबा कंप्रेसरच्या विरुद्ध भिंतीवर, जमिनीपासून १.६ मीटरवर. दरवाजावर ठळक अक्षरांत : ‘लॅपटॉप चालू आहे. डबा उघडू नये, प्लग काढू नये.’ रात्रपाळीच्या मामांना प्रत्यक्ष दाखवूनही ठेवलं, कारण मोबाइल चार्जिंगसाठी सगळ्यात आधी निघतो तो हाच प्लग.

१० एप्रिल, बुधवार

काल पाडव्याची सुट्टी. आज दुपारी तीन वाजताचे आकडे. शेडमध्ये ३९ अंश. डब्यात वरच्या कोपऱ्यात ४३, खाली ४१. प्रोसेसर ‘सेन्सर्स’ आज्ञेने ५६.

मग मुद्दाम ताण दिला, ‘स्ट्रेस-एनजी’ दहा मिनिटं. टर्बो चालू ठेवून प्रोसेसर ९७ वर गेला. या प्रोसेसरची मर्यादा १०० आहे. टर्बो बंद करून ७१. गणित आणि थर्मामीटर एकमेकांना धरून आहेत. वरच्या कोपऱ्यात एखादा अंश जास्त दिसतो तो गरम हवा वर साठते म्हणून.

१५ एप्रिल, सोमवार (सुट्टी)

बॅटरी. कायम चार्जरवर असलेली बॅटरी १०० टक्क्यांवर आणि गरम हवेत राहिली की फुगते. मिटलेल्या लॅपटॉपमध्ये फुगलेली लवकर दिसत नाही, हा आणखी एक धोका.

टीएलपी टाकलं. त्याच्या फाइलीत ‘स्टार्ट_चार्ज_थ्रेश_बॅट०=७०’ आणि ‘स्टॉप_चार्ज_थ्रेश_बॅट०=८०’. म्हणजे ७० च्या खाली गेल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही आणि ८० ला थांबतं. याच फाइलीत ‘सीपीयू_बूस्ट_ऑन_एसी=०’ आणि बॅटरीवरचंही ‘०’, म्हणजे टर्बोचा विषय मिटला. थिंकपॅडमध्ये ही मर्यादा थेट कर्नलमधून लागते. काही लॅपटॉपमध्ये ती फक्त बायोसमध्ये सापडते, काहींत मिळतच नाही. मिळत नसेल तर तो लॅपटॉप बंद डब्यात ठेवायचा विचार पुन्हा करावा.

‘टीएलपी-स्टॅट -बी’ ने बॅटरीची तब्येत पाहिली. मूळ क्षमता ५० वॅटअवर, आज पूर्ण भरली तर ३८.६. म्हणजे ७७ टक्के.

फुगण्याचं मोजमाप शॉपमधल्याच हत्यारांनी ठेवलं. लॅपटॉप उघडून टचपॅडवर आडवी ३०० मिमीची स्टीलपट्टी कडेवर उभी धरली आणि पट्टी व पामरेस्टच्या फटीत फीलर गेज सरकवून पाहिला. टचपॅड दोन्ही बाजूंच्या पामरेस्टपेक्षा किंचित खाली, ०.१५ मिमीची पात जाते, ०.२० ची जात नाही. टचपॅड वर येऊन पट्टी मधोमध डुगडुगायला लागली की बॅटरी काढायची. तोवर दर तीन महिन्यांनी हेच माप त्याच जागी घ्यायचं. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबून बसवायची नाही, भंगारात टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची.

१८ एप्रिल, गुरुवार

इन्स्पेक्शन टेबलवरचा विंडोज लॅपटॉप ‘मधेच आपोआप बंद पडतो’ अशी तक्रार होती. आधी बॅटरीवर, मग चार्जरच्या पिनेवर संशय घेऊन झाला होता. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवरची ४२ क्रमांकाची नोंद सापडली, त्यात झोपेचं कारण ‘बटन ऑर लिड’. झाकण तर उघडं होतं.

कारण टेबलावरच होतं. डायल स्टँडचा मॅग्नेटिक बेस. झाकणात एक छोटा चुंबक असतो आणि खालच्या अंगात हॉल सेन्सर. चुंबक जवळ आला की झाकण मिटलं असं समजलं जातं. बेस लॅपटॉपच्या डाव्या कोपऱ्याजवळ ठेवून खटका ‘ऑन’ केला, स्क्रीन काळी. खटका ‘ऑफ’ ठेवून तोच बेस त्याच जागी ठेवला, काही नाही. ऑफ असताना चुंबकाची रेषा बेसच्या आतच फिरते. छोटा चुंबक कडेने हळूहळू फिरवून सेन्सरची जागा शोधली आणि तिथे पांढऱ्या टेपचा तुकडा लावला. हा अनुभव मशीन शॉप, स्पीकर दुरुस्तीची दुकानं, आणि एकावर एक लॅपटॉप रचणारी ऑफिसं अशा सगळीकडे येऊ शकतो. खालच्या लॅपटॉपच्या झाकणातला चुंबक वरच्याला झोपवतो.

हाच लॅपटॉप रात्री मिटून कॅमचं (मशीनचे प्रोग्रॅम तयार करणारं सॉफ्टवेअर) लांबलचक टूलपाथ गणित चालू ठेवायचं आहे, म्हणून कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘झाकण मिटल्यावर काय करायचं’ यात ‘प्लग्ड इन’खाली ‘डू नथिंग’ निवडलं. बॅटरीखाली ‘स्लीप’च ठेवलं, कारण हा बॅगेतून घरी जातो. आज्ञेने करायचं तर ‘पॉवरसीएफजी /सेटएसीव्हॅल्यूइंडेक्स स्कीम_करंट सब_बटन्स लिडॲक्शन ०’ आणि मग ‘पॉवरसीएफजी /सेटॲक्टिव्ह स्कीम_करंट’. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे झोप, दोन हायबरनेट, तीन शटडाउन.

एवढ्याने भागत नाही. झाकणाचं सेटिंग वेगळं आणि ‘इतक्या मिनिटांनी झोप’ हे वेगळं. दुसरं ‘नेव्हर’ केलं नाही तर मिटलेला लॅपटॉप अर्ध्या तासाने तरीही झोपतो आणि दोष झाकणाला जातो. शिवाय हे सेटिंग चालू पॉवर प्लॅनपुरतंच असतं. कंपनीच्या युटिलिटीने प्लॅन बदलला की गेलं. कोण मशीनला जागं ठेवतंय ते ‘पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स’ने दिसतं.

मॅकबुकची गोष्ट वेगळी. चार्जर, बाहेरचा मॉनिटर आणि बाहेरचा कीबोर्ड-माउस असेल तर तो मिटून चालतो. मॉनिटरशिवाय चालवायचा तर ‘कॅफिनेट’ आज्ञा मिटलेल्या झाकणापुढे टिकत नाही. ‘सुडो पीएमसेट -ए डिसेबलस्लीप १’ लागतं, आणि काम झालं की आठवणीने शून्य.

२२ एप्रिल, सोमवार (सुट्टी)

लाईट लांबली तर काय? डेस्कटॉप नसलेल्या डेबियनवर बॅटरी संपत आली हे बघणारं कुणी नसतं. लॅपटॉप शेवटपर्यंत चालतो आणि धाडकन बंद होतो. लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते.

छोटी शेल स्क्रिप्ट, सिस्टमडी टायमरने दर मिनिटाला. /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/ खालच्या ‘एसी/ऑनलाइन’ आणि ‘बॅट०/कपॅसिटी’ या दोन फाइली वाचायच्या. ऑनलाइन शून्य आणि क्षमता २० किंवा कमी, असं लागोपाठ दोनदा दिसलं तर पॉवरऑफ. दोनदा का, तर प्लग काढून-घालतानाचा एखादा चुकीचा आकडा सर्व्हर बंद करू नये. वीस का, तर जुन्या बॅटरीचा शेवटचा भाग सरळ उतरत नाही, घसरतो.

गणिताने ७० पासून २० पर्यंत ३८.६ चे निम्मे, १९.३ वॅटअवर, सात वॅटला पावणेतीन तास. प्रत्यक्ष चाचणीत प्लग १०.०५ ला काढला तेव्हा ७९ टक्के होते. या हिशोबाने सव्वातीन तास मिळायला हवे होते, १२.५५ लाच बंद झाला. ३१ वरून २४ वर दोन-तीन मिनिटांत आला होता. म्हणजे वीसची मर्यादा बरोबर आहे, खाली नेऊ नये.

पुन्हा सुरू होण्यासाठी बायोसमध्ये ‘पॉवर ऑन विथ एसी अटॅच’ चालू केलं. प्लग घातला, मिटलेल्या अवस्थेत सुरू झाला. मग मुद्दाम वाईट वेळ साधली : शटडाउन चालू असतानाच प्लग घातला. लॅपटॉप बंद झाला आणि बंदच राहिला, कारण प्लग आला तेव्हा तो अजून चालू होता. खऱ्या आयुष्यात असं क्वचित होईल, पण झालं तर सकाळी सर्व्हर मेलेला सापडेल. उपाय : पॉवरऑफच्या आधी ‘आरटीसीवेक -एम नो -एस ३६००’. म्हणजे तासाभराने घड्याळच त्याला उठवतं. उठल्यावर लाईट असेल तर चालू राहतो, नसेल तर स्क्रिप्ट पुन्हा गजर लावून बंद करते. क्षमता ८ च्या खाली असेल तर गजर लावायचा नाही, नाहीतर उठबस करण्यातच बॅटरी तळाला जाईल. तीन वेळा तपासलं, तिन्ही वेळा उठला.

२५ एप्रिल, गुरुवार

दोन छोटे विषय.

सिस्टमडीतली झोपेची चार टार्गेटं (झोपेचे प्रकार) मास्क करावीत, पूर्ण अडवून टाकावीत, म्हणजे झाकणाचं सेटिंगच नको, अशी सूचना आली. स्लीप, सस्पेंड, हायबरनेट, हायब्रिड-स्लीप मास्क केली आणि तपासण्यासाठी झाकणाची फाइल बाजूला ठेवली. मिटल्यावर झोपला नाही, पण लॉगइनडीने एक कोअर पूर्ण खाल्ला आणि प्रोसेसर तापायला लागला. झाकण मिटलेलं दिसतंय, म्हणून तो झोपवायला जातो. दार बंद, म्हणून पुन्हा जातो. मास्क करायचं असेल तर झाकणाच्या तिन्ही ओळींच्या जोडीलाच करावं. दोन्ही ठेवलं.

जुन्या व्हीएमसीला लॅन नाही, फक्त आरएस-२३२ (जुन्या पद्धतीचा सिरियल पोर्ट). यूएसबी-सिरियल केबलने जोडली : ९६०० बॉड, ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट, एक्सऑन-एक्सऑफ, कंट्रोल फॅनकचा आहे. लांब प्रोग्रॅम मशीनच्या मेमरीत मावत नाही, तो थेंब-थेंब पाठवावा लागतो, आणि मधेच लॅपटॉप झोपला तर कटर जॉबमध्येच उभा राहतो. टीएलपी मुळातच यूएसबी ऑटोसस्पेंड (वापर नसला की यूएसबीला जोडलेलं झोपवणं) चालू करतं, म्हणून ‘यूएसबी_ऑटोसस्पेंड=०’ केलं. पोर्टचं नाव ‘टीटीवाययूएसबी०’ धरू नये. केबल काढून घातली की ते १ होतं. /डेव्ह/सिरियल/बाय-आयडी/ खालचं नाव बदलत नाही. केबल दहा मीटर, मध्ये ऑप्टो आयसोलेटर. जोडताना मशीन आणि लॅपटॉप दोन्ही बंद. चालूवर जोडून कंट्रोलचा पोर्ट जळण्याची भीती खरी आहे, आणि तो बोर्ड लॅपटॉपपेक्षा कितीतरी महाग आहे.

१० जून, सोमवार (सुट्टी)

पाऊस सुरू झाला. चालू लॅपटॉप आजूबाजूच्या हवेपेक्षा गरम असतो, त्यामुळे डब्यात दव धरत नाही. धोका आहे तो बंद पडून रात्रभर गार झाल्यावर. डब्यात निळ्या सिलिका जेलची पिशवी टांगली; गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत. स्वयंपाकाचा तवा वापरू नये, या निळ्या रंगात कोबाल्ट असतं. भिंतीवरून ओल येते म्हणून डब्याच्या मागे १० मिमीचे स्पेसर घातले. मागची बाजूही थोडी मोकळी झाली, ते उष्णतेसाठी चांगलंच.

८ जुलै, सोमवार (सुट्टी)

तिमाही तपासणी. जर्नलमध्ये लॉगइनडीच्या ‘लिड ओपन्ड’ आणि ‘लिड क्लोज्ड’ अशा नोंदी पाहिल्या. आपण उघडलं तेवढ्याच आहेत. ‘सस्पेंड’ शब्द शोधला. २५ एप्रिलच्या चाचणीनंतर एकदाही नाही. लाईट जाऊन बॅटरीवर आल्याच्या नोंदी बऱ्याच, स्क्रिप्टने बंद केल्याची एक. दोन तास चाळीस मिनिटांनी बंद, दुसऱ्या गजराला उठला.

फीलर गेज : ०.१५ जाते, ०.२० जात नाही. एप्रिलचंच माप. क्षमता ३८.२ वॅटअवर.

डब्यातून काढून पंखा पाहिला. बुरा नाही, फक्त जुनी धूळ. ती मऊ ब्रशने काढली, पंख्याची पाती बोटाने धरून. शॉपची एअर गन लॅपटॉपवर मारायची नाही : त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि मोकळा पंखा वेगाने फिरला की बेअरिंग जातं. दरवाजाचं रबरी गॅस्केट बिजागरीच्या बाजूला दबून सपाट झालंय. पुढच्या सोमवारी ६ मिमीचं नवं ईपीडीएम गॅस्केट बसवायचं आहे, सव्वा दोन मीटर आणायचं.